तिलक नगरच्या तीन कॅसेट

जयपूरला पोस्टिंग झालं आणि गावाच्या नकाशात तिलक नगर दिसलं. मराठी माणसाला नाव वाचूनच बरं वाटतं. मी तिथे जातो ते मात्र माझ्या एका कोर्समेटच्या आईवडिलांकडे. 2001 साली खडकवासल्याला आमची पासिंग आउट परेड झाली, तिचं शूटिंग काकांनी हँडीकॅमवर केलं होतं. आठ वर्षांनी मुलगा गेला. कसा, ते त्या घरापुरतं राहू दे. राहिल्या त्या तीन मिनीडीव्ही कॅसेट.

काकांनी त्या अलीकडे जुन्या एक्सपीवाल्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. फायरवायरचं पोर्ट आता नव्या लॅपटॉपला कुठे असतं? पण स्लो मार्चमधले चेहरे म्हणजे नुसते पुसट डाग. "अरे, यात आपला कुठला तेच कळत नाही," काकू म्हणाल्या. टेप खराब झाली असं धरून काका कॅसेट भंगारात द्यायला निघाले होते.

मित्रहो, मिनीडीव्ही डिजिटल असते. ती खराब झाली तर चित्रात चौकोन फुटतात, आवाज तुटतो. सगळं चित्र एकसारखं धूसर होत नाही. म्हणून मी आधी फाइलींचा आकार पाहिला. डीव्हीचं चित्र सेकंदाला 25 मेगाबिट खातं, म्हणजे आवाजासकट तासाला साधारण 13 जीबी. दोन फाइली अगदी तेवढ्याच होत्या. माल पूर्ण उतरला होता, दाखवणाराच कंजूष होता.

पालमधली डीव्ही फ्रेम 720 बाय 576 ची. विंडोजचा जुना डीव्ही डीकोडर ती मुळातच निम्म्यावर, 360 बाय 288 वर उघडतो. त्या काळच्या मशीनवर ताण नको म्हणून केलेली सोय. जुन्या क्विकटाइममध्येही 'हाय क्वालिटी'वर खूण केल्याशिवाय डीव्ही असंच मऊ दिसायचं. व्हीएलसी टाकलं, तीच फाइल लावली. चित्र उघडलं, पण हलत्या हातांना कंगव्यासारखे दाते आले. तो इंटरलेसिंगचा प्रकार, डीइंटरलेस चालू केल्यावर गेला.

"डावीकडून चौथा," काकू माझ्याआधी बोलल्या. "हनुवटी बघ, वरच."

काका उठून खिडकीपाशी गेले. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या फाइलचं दुखणं वेगळं होतं. तासाभराची फाइल एक जीबीचीही नाही. मूव्ही मेकरने उतरवतानाच दाबून डब्ल्यूएमव्ही केली होती. असं गेलेलं चित्र कुठलाही प्लेअर परत आणत नाही. कॅसेट हाताशी होती म्हणून निभावलं. सेटिंगमध्ये डीव्ही-एव्हीआय निवडून पुन्हा लावली. टेप तिच्याच वेगाने उतरते, तासाला तास. तेवढ्यात काकूंनी पोहे केले.

निघताना तिन्ही कॅसेटच्या मागची छोटी पट्टी 'सेव्ह'कडे सरकवली, चुकून वर काही रेकॉर्ड व्हायला नको. दुसरी प्रत माझ्या हार्ड डिस्कवर घेतली आहे. कोर्समधल्या कुणाला हवी असेल तर कळवा, काकांना विचारून देईन.