थम, रेंज आणि सर्व्हर

‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द आमच्या हरसूलमध्ये आता मराठीच झाले आहेत. पाड्यावरून पायी रेशन घ्यायला आलेल्या आजीसुद्धा ते सहज बोलतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला त्यांचा अर्थ पक्का ठाऊक आहे: आज धान्य नाही, उद्या मजुरी बुडवून परत या.

मी भाषेचा शिक्षक, उर्दू-मराठी शिकवतो. पण हा सर्व्हर नेमका कुठे आणि का बसतो, हे कुतूहल जाईना. संगणक अभियांत्रिकी शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीत भेटला, तेव्हा त्यालाच विचारलं. “सर, हा तर आमचा अख्खा विषय आहे,” म्हणत त्याने वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत पाच चौकोन काढले. थम घेणारा काच, पॉस मशीनची बॅटरी, मोबाइलची रेंज, रेशनचा सर्व्हर, आधारची पडताळणी. लांब लांब असलेली यंत्रं एकच काम वाटून घेतात, ती वितरित प्रणाली.

आता समजा, प्रत्येक चौकोन शंभरात ९५ वेळा चालतो. ऐकायला छान. पण धान्य मिळायला पाचही एकाच वेळी चालावे लागतात, म्हणून ०.९५ ला पाच वेळा गुणायचं. उत्तर ०.७७. म्हणजे शंभरातल्या २३ जणी रिकामी पिशवी घेऊन परत. प्रत्येक खात्याच्या अहवालात ९५ दिसणार आणि तो अहवाल खराही असणार. ७७ मात्र कुणाच्याच अहवालात येत नाही, ते फक्त रांगेत दिसतं.

लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९८७ साली थट्टेत म्हटलं होतं की, ज्याचं नावही आपण ऐकलेलं नाही असा संगणक बिघडला आणि आपला ठप्प झाला, की समजावं ही वितरित प्रणाली आहे. रेशनच्या रांगेत ही थट्टा राहत नाही.

मला हदीसचा इस्नाद आठवला. साखळीतला एक रावी कच्चा निघाला तर बाकीचे कितीही पक्के असोत, रिवायत कमजोर ठरते. आणि तीच गोष्ट पुष्कळ वेगवेगळ्या वाटांनी पोचली तर तिचं वजन वाढतं, पण त्या वाटा खरोखर वेगळ्या हव्यात.

हा ‘खरोखर’ महत्त्वाचा. मशीनमध्ये दोन सिम टाकली आणि प्रत्येकीची रेंज दहात एकदा जात असेल, तर दोन्ही एकदम जाण्याची शक्यता शंभरात एक. कागदावर! दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर, एकाच विजेवर असतील तर आमच्याकडच्या पावसात दोन्ही सोबतच जातात. अंगठ्याचंही तसंच. भातलावणीत झिजलेला अंगठा दहा वेळा टेकवला म्हणून दहा नव्या संधी होत नाहीत, अंगठा तोच असतो. उलट, राज्यभरातल्या दुकानांतून असे ‘परत लावा, परत लावा’ सुरू झाले की अडखळणाऱ्या सर्व्हरवर भार आणखी चढतो.

सरासरीचंही मला फार कौतुक वाटत नाही. ९९.९ टक्के चालणारी यंत्रणा वर्षात जेमतेम पावणेनऊ तास बंद असते. ते तास मध्यरात्रीचे, की महिनाअखेरीस शेवटची रांग लागलेली असतानाचे?

या साखळीला बाजूची एक वाट आहे. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना लिहून कळवलं की रेंज नाही किंवा थम जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये. कार्ड पाहून द्यावं आणि वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवावं. मी विद्यार्थ्याच्या वहीत त्या पाच चौकोनांच्या खाली सहावा काढला: नोंदवही. तिला वीज लागत नाही, रेंज लागत नाही.

त्याने पेन उचललं आणि विचारलं, “सर, हिची टक्केवारी किती धरू?”

मी म्हटलं, ते दुकानदार ती उघडतो का, यावर आहे.