पनवेलची पेठ आणि पेठेची भाषा

पनवेल हे मुळात वाटेवरचे गाव. एका अंगास मुंबईकडे जाणारी खाडी, दुसऱ्या अंगास बोरघाटाकडे चढणारा रस्ता आणि मध्ये गाढी नदीच्या आसऱ्याने वाढलेली पेठ. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलच्या बंदरात उतरू लागला आणि तेथून मचव्यांनी मुंबईस जाऊ लागला. गाड्यांची वर्दळ एवढी, की गाडीची चाके बनविणे हा येथील नावाजलेला धंदा झाला. १८५२ मध्ये गावास नगरपालिका मिळाली, तर १८७२ मध्ये येथेच धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू झाला. पुढे रेल्वे घाट चढून गेली, बंदराचा ओघ आटला. परंतु पेठ टिकून राहिली.

अशा गावी माणसे बाहेरून येणारच. खाडीकाठचे आगरी व कोळी मूळचे. त्यांच्या शेजारी देशावरचे लोक आले, कोकणी मुसलमान आले, बेने इस्रायल आले, आणि व्यापारानिमित्त गुजराती, कच्छी व मारवाडी कुटुंबेही आली. यांतून एक प्रश्न उभा राहतो. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्याने त्या भूमीची भाषा शिकावी काय?

परदेशांत या प्रश्नास कायद्याने उत्तर दिलेले आहे. जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये नागरिकत्व हवे असल्यास तेथील भाषेचे ठरावीक ज्ञान सिद्ध करावे लागते. भारतात राजस्थानातून किंवा कच्छमधून पनवेलीस येणारा मनुष्य देश बदलीत नाही, राज्य बदलतो. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने त्यास देशात कोठेही राहण्याचा व व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे. २९व्या कलमाने स्वतःची भाषा व लिपी जतन करण्याचाही. म्हणजे हक्काच्या बाजूने वाद उरत नाही. उरतो तो शेजारधर्माचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा पेठेत शोधणे अधिक बरे.

बाजार आणि भाषा यांचे नाते जैन परंपरेस नवे नाही. भगवान महावीरांचा उपदेश अर्धमागधी या लोकभाषेत झाला. इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे उद्द्योतनसूरींनी पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात एका बाजारपेठेचे वर्णन येते. तेथे निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलत आहेत; त्यांत मरहट्ट व्यापारीही आहेत आणि त्यांच्या तोंडी ‘दिले’ व ‘घेतले’ या अर्थाचे शब्द घातले आहेत. राजस्थानात बसून ग्रंथ लिहिणाऱ्या एका जैन आचार्यांनी मराठी माणसाची बोली कान देऊन टिपून ठेवली, आणि टिपण्यासाठी निवडले ते देण्याघेण्याचेच शब्द! कर्नाटकात श्रवणबेळगोळ येथे बाहुबलीच्या मूर्तीच्या पायाशी कन्नडाबरोबर मराठीतही लेख कोरलेला आहे. दूरच्या भाविकास त्याच्या भाषेत सांगावे, ही दृष्टी त्यामागे दिसते.

पनवेलमध्येच या प्रश्नाचे एक जुने आणि समाधानकारक उत्तर उभे आहे. ते म्हणजे १८४९ मध्ये बांधलेले बेथ एल हे बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर. हा समाज कोकणात केव्हा आला याविषयी मतभेद आहेत; परंतु येथे त्याने काय केले हे स्पष्ट आहे. तेलाचे घाणे चालविणाऱ्या या लोकांनी शनिवार पाळला म्हणून गावाने त्यांस ‘शनिवार तेली’ म्हटले. प्रार्थना हिब्रूत राहिली, आहाराचे नियम राहिले, सण राहिले. आणि घरची भाषा मराठी झाली. आडनावे गावांवरून ‘कर’ लावून पडली. बायबलातील कथांवर मराठी कीर्तने झाली. १८७४ मध्ये पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. १९४८ नंतर यांपैकी बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे ती पुन्हा नवागत ठरली व हिब्रू बोलावयास शिकली. तरीही त्यांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. नवी भाषा घेतल्याने धर्म जात नाही आणि जुनी भाषाही जातेच असे नाही, हे याहून स्पष्टपणे कोणी सांगावे?

परंतु केवळ भाषा आली म्हणजे सारे साधले, असेही नाही. याचा दाखला घाटावरचा आहे आणि व्यापारी घराण्यांस तो थोडा अवघड वाटेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. रोख गुजराती व मारवाडी सावकारांवर होता. पण लोकांनी मुख्यतः मागितले ते कर्जरोखे, आणि ते हाती येताच जाळले. त्या सावकारांस मराठी येत नव्हते असे नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते मराठीतच व्यवहार करीत होते. मात्र अंगठा उठविणाऱ्यास आपण कशावर अंगठा उठवितो हे वाचता येत नसे, आणि वह्या पुष्कळदा सावकाराच्या स्वतःच्या लिपीत असत. तोंडची भाषा एक होती, कागदाची भाषा वेगळी. म्हणूनच १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने असे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर करण्याची अट घातली.

या घटनेतून जो नियम निघतो तो पनवेलसही लागू आहे. भाषेची जबाबदारी सर्वांवर सारखी नसते. कागद ज्याच्या हाती, गल्ला ज्याच्या पुढ्यात, त्याच्यावर ती अधिक असते. तळोज्याच्या कारखान्यात बारा तास राबणारा बिहारी मजूर तुटक मराठी बोलला तर कोणाचे काही अडत नाही. पण औषधविक्रेता, सराफ, घरबांधणी व्यावसायिक, बँकेतील अधिकारी यांस ग्राहकाची भाषा येत नसेल, तर नुकसान ग्राहकाचे होते. बँकांनी खाते उघडण्याचे अर्ज, पैसे भरण्याच्या पावत्या व पासबुके इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत ठेवावीत, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक याच विचाराचा आहे. छापील अर्ज मराठीत असून तो समजावून देणारा मराठी जाणत नसेल, तर म्हातारी आगरी बाई सही कोठे करावयाची एवढेच शिकते. सही कशावर केली हे तिला कळत नाही.

आज ही गोष्ट अधिक गंभीर झाली आहे, कारण जुनी गरज संपत चालली आहे. पूर्वी पनवेलच्या पेठेत दुकान मांडणाऱ्यास मराठीवाचून दिवस काढणे कठीण होते. भाताचा भाव, उधारीची मुदत, लग्नाच्या बस्त्याची घासाघीस, सारे मराठीतच व्हावयाचे. मराठी त्यास कोणी शिकविली नाही, गिऱ्हाइकाने शिकविली. आता १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहतींत देशभरची माणसे राहतात. तेथील दुकानदार हिंदीवर भागवितो, भाव फोनवर कळतो, पैसे फोनवरूनच येतात. या वसाहती ज्या जमिनींवर उभ्या आहेत त्या जमिनींसाठी येथील शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन केले आणि पाच जणांनी प्राण गमावले. त्यांच्या नातवंडांस स्वतःच्या गावातील नव्या दुकानात आपली भाषा परकी झालेली दिसली, तर त्यांच्या मनास लागणारी टोचणी समजून घेतली पाहिजे.

समजून घेणे म्हणजे दंडेलीस मान्यता देणे नव्हे. २०२५ मध्ये मीरा रोड येथे मराठीच्या वादातून एका दुकानदारास मारहाण झाली. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. त्यास उत्तर म्हणून मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. अशा प्रसंगी भाषेचा लाभ काडीचाही होत नाही. भयाने शिकलेले चार शब्द मनुष्य संकटापुरते वापरतो आणि टाकून देतो. तसेच कायद्याने दुकानावर मराठी पाटी लावता येते, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती लहानमोठ्या सर्व दुकानांस बंधनकारकही आहे. पण पाटीखाली उभा असलेला मनुष्य कोणत्या भाषेत बोलेल हे पाटी ठरवीत नाही.

शिकविण्याचीही एक बाजू आहे. इस्रायलने १९४९ पासून नवागतांसाठी ‘उलपान’ नावाचे हिब्रूचे वर्ग चालविले. प्रौढ माणसास काही महिने नित्य बोलावयास शिकवावे, ही त्यामागील योजना. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली, त्यामुळे मुलांचा प्रश्न पुष्कळसा सुटेल. प्रौढांसाठी मात्र वसाहतीवसाहतीत सायंकाळचा वर्ग हवा. तो सरकारने काढावा, ग्रंथालयाने काढावा, किंवा व्यापारी संघटनेने काढावा. आणि नवागत अडखळत मराठी बोलू लागला, तर मराठी माणसाने चटकन हिंदीकडे वळू नये, उच्चारास हसूही नये. पुष्कळांची मराठी या दोन कारणांनीच उगवण्यापूर्वी करपते.

पनवेलमध्ये महात्मा फुले महाविद्यालय आहे. ते ज्या रयत शिक्षण संस्थेचे, तिची स्थापना १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केली. ते कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मले, आणि खेड्यापाड्यांतील सर्व जातींच्या मुलांस त्यांनी मराठीतून शिक्षणाची वाट खुली केली. महाराष्ट्रात शेकडो वर्षे मराठी हीच मातृभाषा असलेला मोठा जैन समाज आहे. तेव्हा गुजराती वा मारवाडी कुटुंबाने मराठी घेणे म्हणजे परक्याच्या घरी जाणे नव्हे. तेथे आपलीच माणसे आधीपासून नांदत आहेत.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पनवेल पुन्हा एकदा वाटेवरचे गाव झाले असून नवे व्यापारी येथे येत राहतील. ज्या कुटुंबांस येथे तीन पिढ्या झाल्या, त्यांनी नव्याने येणाऱ्यांस जागेचा भाव व भाड्याचा करार जसा समजावून सांगावा, तसेच हेही सांगावे: घरी आपली भाषा अवश्य बोला, मुलांस ती लिहावयास शिकवा, पण दुकानात हिशेब मराठीत सांगा, पावती मराठीत द्या आणि शेजाऱ्याच्या दुःखात दोन शब्द त्याच्या भाषेत बोला. व्यापारात पत पैशाने वाढते हे खरे, पण ती प्रथम जमते ती बोलण्यातूनच.