बंद करायचं बटण

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने विजेच्या वाटेला जाऊ नये, असा एक अलिखित नियम आहे. त्याला करंट म्हटलं की खातं आठवतं, चार्ज म्हटलं की सर्व्हिस चार्ज आठवतो आणि 'अर्थ' म्हटलं की अर्थशास्त्र. असं असूनही गेल्या पावसाळ्यात अमेरिकेतल्या भाच्याने घरच्या घरी बिअर बनवण्याच्या यंत्रणेसाठी विजेचं कंट्रोल पॅनेल आखलं आणि त्याचा नकाशा मला पाठवला. "मामा, तुम्ही बँकेत आहात. एकदा चेक करून द्या." बँकेतला माणूस काहीही चेक करून देतो, ही समजूत त्याला आईकडून मिळालेली असणार. माझी बहीण लग्नाच्या आहेराची यादीसुद्धा माझ्याकडून टॅली करून घेते.

आता मी राहतो अहेरीला. जिल्हा गडचिरोली. इथे १९९३ पासून दारूबंदी. अशा गावी बिअरचा नकाशा येणं म्हणजे एकादशीच्या दिवशी खाटकाचं कॅलेंडर भेट येण्यासारखं! भाच्याचं मात्र तिथे सगळं कायदेशीर आहे. अमेरिकेने १९७८ साली कायदा करून घरच्यापुरती बिअर बनवायला मोकळीक दिली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर. विकायची मात्र नाही. "आपल्याकडे वर्षाला इतका चहासुद्धा होत नाही," असं मी म्हणालो. सौ.ने दिवसाचे कप मोजून दाखवले आणि मी विषय बदलला.

काम तसं सरळ आहे. मोड आणून वाळवलेलं सातू भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते. पाणी फार तापलं तर ती साखर करणारी एन्झाइमंच निकामी होतात. मग ते पाणी गाळून उकळायचं, गार करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. त्यासाठी भाच्याने हीटर धरला होता साडेपाच हजार वॉटचा. २४० व्होल्टवर जवळजवळ २३ अँपिअर ओढणारा. आपल्याकडचे दोन-अडीच गीझर एकाच बादलीत उतरावेत, तसा.

या राक्षसाला वेसण घालणारा जो कंट्रोलर असतो, त्याचं नाव पीआयडी. ही तीन अक्षरं मला एका वाचनात कळली. पहिलं बघतं, आत्ता किती कमी पडतंय. दुसरं बघतं, मागची थकबाकी किती साचलीय. तिसरं बघतं, गाडी कुठल्या दिशेने किती वेगात चाललीय. मार्च महिन्यात आमचे शाखाधिकारी दुसरं काय करतात? फरक एवढाच, की कंट्रोलरला आवाज नसतो.

तरीही जाणत्या माणसाची नजर फिरावी म्हणून नकाशा आलापल्लीच्या एका वायरमनला दाखवला. त्याने तो आडवा धरला, उभा धरला आणि विचारलं, "साहेब, हे चालू कराचं तर समजलं जी. बंद कुठून कराचं?"

मी लाल बटणावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "हे तं नुसतं सांगते."

आणि खरंच! ते बटण कंट्रोलरला विनंती करणार, कंट्रोलर रिलेला सांगणार आणि रिले हीटर बंद करणार. सरकारी अर्जाचा प्रवास! त्यातून हा रिले सॉलिड स्टेट जातीचा. त्याची खोड अशी, की बिघडला तर बहुतेक वेळा तो चालूच राहतो. पाणी आटलं तरी हीटर पेटलेला.

मग आम्ही दोघांनी दुरुस्त्या केल्या. मुख्य तारेत एक कॉन्टॅक्टर. लाल बटण दाबलं की तो थेट सुटणार, कोणाची परवानगी न घेता. त्याच्याही आधी गळता करंट पकडणारा स्विच. हा तर आमचा कॅशियरच. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तो सतत टॅली घेतो. आपल्या घरात ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की खटका पाडतो. अमेरिकेतला इतका कडक, की ५ लाच काउंटर बंद. शिवाय हीटरचं बटण आधीच चालू राहिलं असेल तर पॅनेल सुरूच होणार नाही, अशी कडी. थोडक्यात, चालू व्हायला सगळ्यांची संमती हवी; बंद करायला कोणीही एक पुरे. आमच्या स्ट्राँगरूमच्या दोन चाव्यांचा हाच कायदा. उघडायला दोघं लागतात, अडवायला एक.

हा सिद्धांत मी शाखेत मोठ्या आवाजात मांडत होतो. झाडलोट करणाऱ्या मावशी ऐकत होत्या. त्यांच्या माहितीच्या भट्टीला पॅनेल नव्हतं. मोहाची फुलं, चुलीचा जाळ आणि वरच्या भांड्यातलं पाणी तापलं की बदलायचं. बोट हाच थर्मामीटर. मावशी म्हणाल्या, "आमच्या घरी उलटं होतं जी. चालू कराले एकटा बुढा पुरत होता. बंद कराले गावच्या साऱ्या बाया लागल्या."

काउंटरवर कोणी हसलं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या जिल्ह्यात दारूविरुद्ध चळवळ उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची नावं आपल्याला ठाऊक असतात. गावोगावी ज्या बाया उभ्या राहिल्या, त्यांची नसतात. त्यांनी दाबलेलं बटण अजून पुरतं सुटलेलं नाही आणि पुरतं बसलेलंही नाही. चोरून भट्ट्या लागतात, फोडल्या जातात, पुन्हा लागतात. तो रिले जुनाच आहे.

दुरुस्त नकाशा आणि खर्चाचा अंदाज भाच्याला पाठवला. खर्च वाढल्याबद्दल त्याने थोडी कुरकुर केली, पण मानलं. शेवटी त्याने विचारलं, "मामा, हे लाल बटण नेमकं लावू कुठे? माझ्या उजव्या हाताशी?"

"नको," मी म्हटलं, "दाराजवळ लाव. सूनबाईचा हात पोचेल तिथे."