परत न आलेली पॉवर

माझ्या टेबलावर रेडिओच्या शेजारी एक छोटा डबा आहे. त्याच्या पडद्यावर तीन आकडे दिसतात. किती पॉवर अँटेनाकडे गेली, किती परत आली आणि त्या दोन्हींवरून काढलेला एसडब्ल्यूआर, म्हणजे स्टँडिंग वेव्ह रेशो. हौशी रेडिओवाल्याला, ज्याला सगळे हॅम म्हणतात, या तिसऱ्या आकड्याचं वेड असतं. तो १ च्या जितका जवळ तितकी झोप चांगली लागते. मलाही लागायची. २०१९ च्या पुरात या आकड्याने मला फसवलं. खरं म्हणजे आकडा खोटा नव्हताच, मी त्याला नको तो प्रश्न विचारत होतो. ती गोष्ट आज सांगतो.

आधी मीटरबद्दल थोडं, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. रेडिओ, केबल आणि अँटेना या तिघांचं एकमेकांशी जुळावं लागतं. आपल्याकडे बहुतेक सगळं ५० ओहमला जुळवलेलं असतं. जुळलं नाही तर रेडिओने पाठवलेली सगळी पॉवर अँटेना घेत नाही, काही भाग केबलमधून माघारी येतो. विहिरीत हाक मारली की आपलाच आवाज परत येतो, तसं. मीटर ही जाणारी आणि येणारी पॉवर वेगवेगळी मोजतो. हिशेब सोपा आहे. परत आलेल्या वॉटना गेलेल्या वॉटनी भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. ५० वॉट गेले, २ परत आले, तर उत्तर ०.२. आता १.२ ला ०.८ ने भागा, एसडब्ल्यूआर १.५. म्हणजे शंभरातले फक्त चार परत येतात. २ ला अकरा आणि ३ ला पंचवीस. साधारण ३ च्या पुढे गेलं की रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरची काळजी करायची, बरेचसे नवे रेडिओ त्याआधीच स्वतःहून पॉवर कमी करतात.

पूर्वी माझ्याकडे दोन काट्यांचा मीटर होता. एक काटा जाणारी दाखवायचा, दुसरा येणारी, आणि दोघं जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या रेषेवर एसडब्ल्यूआर वाचायचा. मग डिजिटल घेतला. दशांशानंतरचा आकडा दिसायला लागला आणि माझा त्याच्यावर अंमळ जास्तच विश्वास बसला. बोलताना त्याचे आकडे नाचतात, कारण आपल्या आवाजाबरोबर पॉवर वरखाली होते. त्यासाठी त्यात सर्वांत वरचा आकडा क्षणभर धरून ठेवायची सोय असते. तीही मी लावून ठेवली होती.

हे सगळं मला शिकवलं साताऱ्याच्या काकांनी. ते माझ्या नात्यातले नाहीत, जातीतले नाहीत, धर्मातलेही नाहीत. ते हवेतले. हॅम मंडळी एकमेकांना ओएम म्हणतात, ओल्ड मॅन, समोरचा विशीतला असला तरी. पण मला त्यांना ओएम म्हणवेना. पहिल्याच दिवशी काका तोंडात आलं आणि राहिलं. त्यांचं गाव पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते शाळकरी होते. घर पडल्याचं ते फार बोलत नाहीत. त्यांचे वडील तेव्हा मुंबईला गिरणीत होते. गावात माणसं जिवंत आहेत की नाही, हे त्यांना किती तरी दिवस कळलं नव्हतं, हे मात्र ते पुन्हा पुन्हा सांगतात. रेडिओचं खूळ तिथून आलं, असं त्यांचं म्हणणं.

परीक्षा देऊन, कागदपत्रांची पडताळणी होऊन, माझं लायसन्स आलं. रिस्ट्रिक्टेड ग्रेड, ५० वॉटपर्यंत. सांगलीतल्या आमच्या दोन मजली घराच्या गच्चीवर मी चाळीस मीटर बँडचा डायपोल ताणला, मधोमध केबल आणि दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार. सातारा हवेतून फार लांब नाही, पण मधे डोंगर. या बँडवरचा आवाज वर जातो, आकाशातल्या थरावरून खाली येतो, त्यामुळे डोंगराची अडचण नाही. रोज सकाळी सातला काका आणि मी.

तार लागली त्या दिवशी अम्मी गच्चीवर आली. वर बघत म्हणाली, "ये तार कायकू लगाया रे? अपना नाम देखके लोगां क्या बोलेंगे?"

मी हसलो. पण तिचा प्रश्न काही हसण्यासारखा नव्हता. मुसलमानाच्या घरावर अँटेना, आत वायरलेस, रात्रीबेरात्री कुणाशी तरी आकड्यांच्या भाषेत बोलणं. मी लायसन्सची झेरॉक्स काढून खोलीच्या दाराला आतून चिकटवली. बाहेरून चिकटवायचं धाडस झालं नाही. गल्लीत कुणी काही बोललं नाही. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, कुणी काही विचारलं नाही. मी म्हटलं, चला, लोकांना मान्य आहे.

एकटे पलीकडच्या घरातले मास्तर सोडून. ते एका संध्याकाळी सरळ वर आले आणि म्हणाले, "हे बघ, राग मानू नकोस. हे काय आहे, कशाला आहे, ते मला समजावून सांग." मला राग आलाच. याच गल्लीत दुसऱ्या कुणाच्या छपरावर डिश असते ती कशाला असते, असं तुम्ही विचारलंत का, हे ओठांवर आलं होतं. ते गिळून मी लायसन्स दाखवलं, बँड दाखवला, काकांचा आवाज ऐकवला. ते गेले. माझ्या मनात मात्र ते राहिले, संशय घेणारा माणूस म्हणून.

२०१९ चा पावसाळा आठवा. माझ्या मीटरवर एसडब्ल्यूआर आधी १.७ असायचा. तार थोडी लांब-आखूड करून तो सुधारायचा, असं वर्षभर मनात होतं, पण हात लागला नव्हता. जुलैमध्ये तो आपोआप १.४ झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला १.१. मी खूश. काही न करता अँटेना सुधारली! लॉगबुकात मी तसं लिहिलंही आहे, पुढे उद्गारचिन्ह टाकून.

मग कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढलं. आमचा भाग जरा उंचावर, तरी पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं. वीज गेली. फोनची रेंज आधी ये-जा करत होती, मग गेलीच. मशिदीच्या वरच्या हॉलमध्ये नदीकाठच्या गावांतून आलेली माणसं उतरवली होती. खाली वजू करायच्या जागेत भाताची पातेली, वर सतरंज्यांवर बाया-माणसं, पोरं, एक शेळीसुद्धा.

मी बॅटरीवर रेडिओ चालवत होतो. बॅटरी पुरावी म्हणून पॉवर २० वॉटवर आणली. मास्तर स्वतःच्या इन्व्हर्टरची बॅटरी पोराच्या खांद्यावर देऊन वर घेऊन आले. "तुला लागेल," इतकंच म्हणाले. त्यांना ठाऊक होतं ना मला काय लागतं ते. गल्लीत दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं.

हॉलमध्ये भिलवडीकडची एक म्हातारी होती. तिचा मुलगा साताऱ्याला कारखान्यात. आईला बोटीतून काढल्याचं त्याला माहीत नव्हतं. त्याचा नंबर तिने पदराच्या गाठीतल्या चिठ्ठीवर जपला होता. मी म्हटलं, आजी, काळजी करू नका, साताऱ्यात माझे काका आहेत, ते फोन करतील.

सकाळी सातला मी हाक दिली. पावसाळी आकाशाची करकर प्रचंड. काका ऐकू येत होते, तुटक. मी निरोप दोनदा सांगितला. नाव, गाव, मुलाचा नंबर, आई सुखरूप आहे. करकरीतून काकांचा आवाज आला, "रॉजर". मीटरकडे पाहिलं. २० वॉट गेले, परत जवळजवळ शून्य. एसडब्ल्यूआर १.१. अजून काय हवं? खाली जाऊन म्हातारीला सांगितलं, "पोचला निरोप."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्या दोन दिवसांत अशा आणखी सात लोकांना मी 'पोचला' म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तिचा मुलगा आला. कराड, विटा, तासगाव असा फिरत, जिथे एसटी नाही तिथे चालत. आधी गावाच्या अलीकडे पाणी बघून परत फिरला होता. नंतर एकेक छावणी धुंडाळत आला होता. दोन रात्री त्याने आईला मेलेली धरलं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला फोन नाही आला?" तो म्हणाला, "कुणाचा?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "असू दे बाळा, तू सांगितलं होतंस ना," असं म्हणाली. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी रेंज आली. काकांचा फोन आला. म्हणाले, "कुठे होतास? तीन दिवस तुझ्यासारखं कुणीतरी घुमत होतं, पण शब्द एक कळेना."

"तुम्ही रॉजर म्हणालात की."

"अरे, ते पुण्याच्या स्टेशनला. तू निरोप परत वाचून घेतलास का माझ्याकडून?"

नव्हता घेतला. निरोप पोचला की नाही हे ऐकणाऱ्याच्या तोंडून परत ऐकायचं, हा पहिला धडा. मी त्यांच्या तोंडाकडे कान द्यायचा सोडून मीटरकडे डोळे लावून बसलो होतो. मी म्हटलं, "पण काका, एसडब्ल्यूआर १.१ होता. पावसात तर आणखी सुधारला."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "पावसात आपोआप सुधारला? मग आधी केबल बघ."

दोन दिवसांनी बकरी ईद होती, १२ ऑगस्टला. त्या वर्षी आमच्या घरी कुर्बानीचे पैसे हॉलमधल्या लोकांच्या अंथरूण-भांड्यांत गेले. नमाज झाल्यावर मी गच्चीवर गेलो. जिथे केबल तारेला जोडली होती तिथे मी साधी विजेची टेप गुंडाळली होती. ती उन्हाने सुटली होती. टोक कापलं तर आतून पाणी ठिबकलं. तांब्याची जाळी काळी पडलेली. वातीत तेल चढतं तसं पाणी जाळीतून आत आत गेलं होतं.

मग मोजलं. खालून ५ वॉट सोडले. वरच्या टोकाला डमी लोड लावला, म्हणजे ५० ओहमचा नुसता रोध, आणि मीटर वर नेला. १ वॉट. पाचातले चार वाटेत केबलने खाल्ले होते, ऊब म्हणून. मग मीटर परत खाली आणला आणि वरचं टोक मोकळं सोडलं. अँटेनाच नाही! एसडब्ल्यूआर आकाशाला भिडायला हवा. मीटर म्हणाला, १.५. हिशेब करा. पाचातला एक वर पोचला, तो अख्खा माघारी वळला, त्याचेही चार हिस्से वाटेत गेले. मीटरकडे परत आले ०.२ वॉट. पाचात ०.२ म्हणजे शंभरात चार, म्हणजे १.५. अँटेना नसली तरी माझा मीटर सगळं ठीक आहे असंच सांगत होता.

मीटरचा दोष काही नाही. माझ्या टेबलावर किती परत आलं, एवढंच तो सांगतो. परत का आलं नाही, हे त्याला कळत नाही. पोचलं म्हणूनही परत येत नाही आणि वाटेत मेलं म्हणूनही नाही. डमी लोडला तर तो बरोबर १.० दाखवतो, आणि डमी लोड लावून कुणाशी बोलणं होत नाही.

पाना आवळता आवळता मला गल्ली आठवली. दोन वर्षं जिथून काहीच परत आलं नाही, ती घरं. त्यांना मी 'मान्य आहे' म्हणत होतो. आणि जे एक घर जिन्याने वर येऊन तोंडावर विचारून गेलं, त्याला संशयी म्हणत होतो. बाकीच्या घरांत काय मुरलं होतं, मला माहीत नाही, कारण मीही कधी जाऊन विचारलं नाही.

आता केबल नवी आहे. जोडावर आपोआप चिकटणारी रबरी पट्टी, तिच्यावर टेप, आणि पाणी आत न शिरता गळून जावं म्हणून केबलला खाली एक वळसा. दर पावसाळ्याआधी आणि नंतर मी वरचं टोक सोडून कमी पॉवरवर मोजतो. आकडा वर उसळला की बरं वाटतं, केबल चांगली आहे. मोजताना मास्तर कधी कधी खालून शिडी धरतात. लायसन्सची झेरॉक्स आता दाराला बाहेरून आहे. गल्लीतली पोरं येऊन वाचतात, काहीबाही विचारतात, मी सांगतो.

लॉगबुकात त्या सकाळचं पान तसंच आहे. आठ निरोप, आठ नंबर, आणि शेवटच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं 'पोचला'. ते मी खोडलं नाही. फक्त शेजारी एक नवा रकाना आखला. परत वाचून घेतलं का? त्या आठ ओळींसमोर तो रिकामा आहे.