बिनतंबाखूची सिगारेट : व्यवसाय म्हणून एक विचार

नोकरी संपताना हाती आलेल्या पिट्सुईमच्या रकमेतून एखादा लहानसा व्यवसाय करावा, असा मानस आपल्या समाजातील पुष्कळ बंधुभगिनींचा असतो. आमच्या भाच्याचाही आहे. तुळस, ज्येष्ठमध, लवंग, दालचिनी अशा वनस्पतींपासून केलेली बिनतंबाखूची सिगारेट भारतातून आणून येथे विकावी, अशी त्याची योजना. ‘मामा-मामी, तुम्ही बाजार पाहून सांगा,’ असा त्याने आग्रह धरल्यामुळे आम्ही उभयतांनी जो विचार केला, तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

कोणत्याही मालाविषयी पहिला प्रश्न एकच : गिऱ्हाईक कोण? सिगारेटची ओढ ही मुख्यत्वे निकोटिनची ओढ होय. वनस्पतींच्या सिगारेटीत ते नसते. म्हणून सवयीचा माणूस दोन-चार ओढून आपल्या जुन्या पाकिटाकडे वळतो. ज्याला व्यसन सोडावयाचे आहे, तो हाताला चाळा म्हणून काही आठवडे ती घेईलही. पण निश्चय तडीस गेला तर गिऱ्हाईक गेले, आणि ढळला तरी गेलेच. नाटक-चित्रपटांत नटांना ओढण्यासाठी अशी सिगारेट खरोखर वापरतात. परंतु तेवढ्यावर एखाद्याचा संसार चालणे कठीण.

अश्दोद व लोद येथील काही दुकानदारांशीही आम्ही बोललो. कनेसेटने २०१८ च्या अखेरीस संमत केलेल्या कायद्यामुळे २०२० पासून सिगारेटी दुकानात झाकून ठेवाव्या लागतात व पाकिटेही एकाच मळकट रंगाची असतात. गिऱ्हाईक आपल्या सिगारेटीचे नाव घेतो, पैसे देतो व निघून जातो. जे नाव कोणास ठाऊकच नाही, ते मागणार कोण?

मग उरतो एकच वर्ग. ‘यात तंबाखू नाही, म्हणजे अपाय नाही’ असे मानणाऱ्यांचा; आणि त्यांत आजवर सिगारेटला न शिवलेली तरुण मुले येण्याचे भय अधिक. वास्तविक, कोणतेही पान जाळून त्याचा धूर छातीत घेतला की डांबर व कार्बन मोनॉक्साइड आलेच. मग ते पान तंबाखूचे असो वा तुळशीचे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००० साली अशा सिगारेटी विकणाऱ्या दोन कंपन्यांवर नेमका हाच इशारा छापण्याचे बंधन घातले. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसारही धूम्रपानाच्या वनस्पतिजन्य मालावर आरोग्यहानीचा इशारा सक्तीचा आहे. म्हणजे ज्या एका शब्दाच्या बळावर हा माल खपावयाचा, तो ‘निरुपद्रवी’ हा शब्दच खरा नाही. खरे सांगून विकावे तर गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक मिळवावे तर खरे सांगता येत नाही.

भाच्याला आम्ही हेच सांगितले. तो थोडा हिरमुसला. ती रक्कम त्याने वर्षानुवर्षे रात्रपाळ्या करून मिळविलेली आहे. परंतु म्हणूनच ती धुरात जाऊ नये, अशी आमची कळकळ. तुळस आणि गवती चहा आपल्या कोकणातील घरांत उकळून पिण्याची रीत होती. त्या पानांचा व्यापार येथे जमेल काय, याची चौकशी आता आम्ही तिघे मिळून करीत आहोत. तूर्त पैसे बँकेतच आहेत.

आपली पुंजी गुंतविण्यापूर्वी ‘हे खपेल काय?’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न वाचकांनी स्वतःस अवश्य विचारावा : हीच वस्तू उद्या आपल्या मुलाच्या हाती दिसली, तर आपल्याला चालेल काय?