जिंकलेले पैसे कोणाचे?

जुगाराविषयी आपल्या समाजात बोलायचे म्हटले की बोलणे दोन वाक्यांत संपते. हराम आहे, हे पहिले वाक्य. आणि तरीही पोरे खेळतात, हे दुसरे. जुम्म्याच्या बयानातही याहून पुढे सहसा कोणी जात नाही. पण मधल्या काळात पत्त्यांचा डाव मोहल्ल्यातल्या मागच्या खोलीतून उठून मोबाइलमध्ये शिरला आणि शिरताना एक नवी सनद घेऊन आला : 'हा नशिबाचा खेळ नाही, कौशल्याचा आहे.' या सनदेला उत्तर द्यायचे तर ते कौशल्य काय आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या माणसाने तेवढे कष्ट तरी घ्यावेत, असे मला वाटले.

निमित्त झाला माझा भाचा. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. २०२५ चा कायदा येण्याआधी तो रात्री ऑनलाइन पोकरच्या टुर्नामेंट खेळायचा. विशेष म्हणजे तो हरत नव्हता. वर्षाकाठी चार पैसे वरच राहत होते आणि त्याची वहीही तो नीट ठेवत होता. मला म्हणाला, "मामू, तुम्ही गणितवाले. आधी हिशेब बघा, मग हराम म्हणा."

मी हिशेब बघितला.

टुर्नामेंटची रचना साधी असते. सगळे सारखी फी भरतात, सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. चिप्स संपल्या की माणूस बाहेर. दर काही मिनिटांनी ब्लाइंड, म्हणजे पाने बघण्याआधीच डावात टाकायची सक्तीची रक्कम, वाढत जाते. त्यामुळे नुसते बसून राहता येत नाही. बक्षीस मिळते ते शेवटपर्यंत टिकलेल्यांना. शंभर खेळाडू असतील तर साधारण बारा-पंधरा जणांना. २००३ साली अमेरिकेतल्या ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने शंभर डॉलरहून कमी फीच्या ऑनलाइन टुर्नामेंटमधून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत जागा मिळवली आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकले. त्यानंतर जगभरच्या पोरांना वाटू लागले की हे आपल्यालाही जमेल.

भाच्याने मला जे डावपेच सांगितले त्यात पहिला धडा होता पाने टाकून देण्याचा. सुरुवातीला बहुतेक पाने टाकूनच द्यायची. दुसरा धडा बसण्याच्या जागेचा : ज्याची पाळी शेवटी येते त्याला इतरांनी काय केले ते आधीच दिसते, म्हणून तिथून जास्त पाने खेळावीत. तिसरा असा की हातातल्या चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या दहापटीखाली आल्या की मधला मार्ग उरत नाही. एक तर सगळे लावायचे, नाही तर पाने टाकायची. हे ऐकताना मला कबूल करावे लागले की यात सब्र आहे, शिस्त आहे, आकडेमोड आहे. नुसती लालूच असलेल्या माणसाला हे जमणार नाही.

पण सर्वांत मोलाचा धडा चौथा होता. टुर्नामेंटमध्ये चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. तीन खेळाडू उरले आहेत, तिघांकडे सारख्या चिप्स आहेत आणि बक्षिसे पाच, तीन आणि दोन हजारांची आहेत असे समजा. या क्षणी प्रत्येकाच्या जागेची किंमत ३,३३३ रुपये. आता पहिल्याने आणि दुसऱ्याने सगळे लावले आणि पहिला जिंकला. त्याच्या चिप्स दुप्पट झाल्या. पैसे दुप्पट झाले का? नाही. तिसरा अजून बसलेला आहे. पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरली, तर जिंकणाऱ्याची किंमत ४,३३३ होते, म्हणजे फायदा हजाराचा. हरणारा दोन हजार घेऊन उठतो, म्हणजे तोटा १,३३३ चा. उरलेले ३३३ कुठे गेले? ज्याने पानांना हातच लावला नाही, त्या तिसऱ्याच्या पदरात. म्हणून अशा वेळी जिंकण्याची शक्यता शंभरात सत्तावन्नहून जास्त असल्याशिवाय सगळे लावू नये, असे शास्त्र सांगते. अर्धवट राहिलेल्या डावाची रक्कम कशी वाटावी, याच प्रश्नावर १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी पत्रे लिहिली आणि त्यातून संभाव्यतेचे गणित उभे राहिले. त्या घराण्यातलाच हा हिशेब आहे.

बरे, नशीब यातून हद्दपार होते काय? दोन एक्के हाती असताना समोर दोन बादशहा आले, तर एक्केवाला शंभरात सुमारे ब्याऐंशी वेळा जिंकतो. याहून चांगली संधी क्वचितच मिळते. पण अशा चार लढती लागोपाठ जिंकण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी, सुमारे पंचेचाळीस टक्के भरते. म्हणजे एका रात्रीचा मालक नशीबच. कौशल्य दिसते ते शेकडो, हजारो टुर्नामेंटनंतर, वहीतल्या बेरजेत.

इथवर भाचा बरोबर होता. कौशल्य आहे, हे मी मान्य केले. आणि मान्य केल्यावरच मला खरी अडचण दिसली.

टेबलावर नवे धन तयार होत नाही. शंभर जणांनी एकशे दहा रुपये भरले, तर कंपनी वरचे दहा-दहा ठेवून घेते आणि दहा हजार वाटते. सगळ्यांचा मिळून हजाराचा तोटा पहिले पान पडण्याआधीच झालेला असतो. मग माझा भाचा वर्षाअखेर नफ्यात राहतो तो कोणाच्या जिवावर? जो त्याच्याहून कमी जाणतो, त्याच्या. डावपेचांत हे उघडच सांगितलेले असते : जिथे कच्चे खेळाडू जास्त तिथे खेळायला बसा. त्या कच्च्यांना 'फिश' म्हणतात, मासे. नशिबाचाच खेळ असता तर हरणाऱ्याचे दैव म्हणता आले असते. कौशल्याचा म्हटल्यावर ती सोय राहत नाही. कौशल्य जितके जास्त, तितके न जाणणाऱ्याच्या खिशातून काढणे पक्के.

माझ्या धाकट्या बहिणीला हे गणित येत नाही. घराचे छप्पर गळत होते, भाच्याने पैसे पुढे केले. ती म्हणाली, "बेटा, ये पैसे किसके घर से आए?" तो म्हणाला, "अम्मी, सब अपनी खुशी से बैठे थे." ती म्हणाली, "खुशी से हारने को कौन बैठता?" छप्पर शेवटी भिशीच्या पैशाने झाले. भिशीतही पाळी आधी येते किंवा नंतर येते, त्यात थोडे नशीब असतेच. पण शेवटी प्रत्येकाला आपले भरलेले मिळते.

इस्लामपूर्व अरबस्तानातला 'मैसिर' हाही असाच डाव होता. उंट कापून त्याच्या मांसाचे हिस्से बाणांवर ठरवत. सात बाणांना हिस्से असत, तीन कोरे. जिंकणारे मांस अनेकदा गोरगरिबांना वाटून टाकीत आणि त्याचा अभिमान मिरवीत. कुरआनने सूरह बकरामध्ये जुगारात लोकांसाठी काही लाभ आहे, हे नाकारले नाही. हानी लाभाहून मोठी आहे, असे सांगितले. पुढे सूरह माइदामध्ये त्याला मनाई करताना माणसांमाणसांत वैर पडण्याचे कारण दिले. मला यात हिशेबाची भाषा दिसते. वाटलेले मांस खरे होते, आणि उंटाची किंमत ज्याच्यावर पडली तोही खरा होता. भाच्याचे छपराचे पैसे या मांसाहून वेगळे नव्हते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरकच त्यात ठेवला नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही; खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आहे. भाच्याचे डाव थांबले. पण कायद्याने मोबाइल बंद होतो, लालूच बंद होत नाही. आता त्याचे मित्र शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सकडे वळले आहेत. तिथे २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत दर शंभर किरकोळ खेळाडूंपैकी त्र्याण्णव जण तोट्यात गेले, असे सेबीच्याच पाहणीत आले आहे. सनद तीच : कौशल्य.

म्हणून माझे एवढेच म्हणणे आहे की पोरांना 'हराम' एवढा एक शब्द ऐकवून उठू नये. त्यांची बुद्धी तीक्ष्ण आहे, ती एका शब्दाने गप्प बसत नाही. त्यांच्याजवळ बसावे, कागद घ्यावा, तीन माणसांचा तो हिशेब मांडावा, कंपनीचा हजार वेगळा काढून दाखवावा. मग बहिणीने विचारला तो प्रश्न विचारावा. उत्तर त्यांनाच काढू द्यावे.