ओसरी गिळलेली खोली

आमच्या देवळाली कॅम्पातल्या घरात मास्टर बेडरूम हवी, हा हट्ट माझा होता. पाहुण्यांसमोर नवरा मोठ्या मनानं "आम्ही केलं" म्हणतो, म्हणून हे आधीच कबूल करून टाकते.

घर आजेसासऱ्यांच्या काळातलं, लॅम रोडच्या मागच्या अंगाला, बैठं आणि कौलारू. झोपायची खोली बारा बाय बाराची आणि तिच्या पश्चिमेला आठ फूट रुंदीची ओसरी. ओसरीत सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची खाट, एक आरामखुर्ची आणि वाळत घातलेली छत्री. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली. बारा गुणिले आठ म्हणजे शहाण्णव फूट, एवढ्या जागेत माहेरी आम्ही चौघं झोपायचो. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ती ओसरी मला वाया गेलेली जागा दिसायची. खोली आणि ओसरी एक केली तर बारा बाय वीस! माझ्या डोक्यात तो आकडा बसला तो बसलाच.

दहा वर्षांपूर्वी कौलं उतरवून छताची दुरुस्ती निघाली आणि मी संधी साधली. रीतसर परवानग्या झाल्या, ओसरी आत घेतली. सहा बाय साडेसहाचा पलंग, पूर्वेच्या भिंतीला आठ फुटी कपाट, कोपऱ्यात ड्रेसिंग, दक्षिणेला अटॅच्ड बाथरूम. वरची व्हेंटिलेटरं मला आधीपासून नकोशी होती. त्यांच्या दोऱ्या तुटायच्या, चिमण्या घरटी करायच्या, उन्हाळ्यात धूळ यायची. ती पीओपीच्या छताआड गेली. पूर्वेची खिडकी कपाटामागे गेली. पश्चिमेला पाच बाय चारची सरकती खिडकी बसवली, काचेतून सूर्यास्त दिसावा म्हणून.

नकाशा पाहून अप्पांनी एकच विचारलं, "वारा कुठनं येणार?"

"एसी लावू ना, अप्पा."

ते काही बोलले नाहीत. खाट अंगणात कडुनिंबाखाली गेली.

इंग्रजांच्या काळात मायदेशी जायला निघालेले गोरे सैनिक इथल्या छावणीत बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत. त्यातून देवळालीच्याच नावावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलॅली' म्हणू लागले. मूळ शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. मला चढला होता तो हाच, असं आता म्हणता येतं. तेव्हा मी खोलीचे फोटो बहिणींना पाठवत होते.

पहिल्याच एप्रिलमध्ये खोली तापली. दुपारी तीनपासून ऊन थेट भिंतीवर. आधी ते ओसरीच्या फरशीवर पडून तिथंच संपायचं. आता भिंत संध्याकाळपर्यंत ऊन पिऊन रात्री बारापर्यंत ते परत करायची. गरम हवा वर चढून व्हेंटिलेटरातून निघून जात असे, ती आता पीओपीखाली साठायची. एसी होता, पण मे महिन्यात एका रात्री वीज गेली. पूर्वी अशा वेळी गाद्या ओसरीत यायच्या. आम्ही दोघं सवयीनं गाद्या काखोटीला मारून उठलो आणि भिंतीपाशी येऊन थांबलो. बाहेर अप्पा शांत घोरत होते.

पावसाळ्यात पश्चिमेची झड त्याच भिंतीवर. बाथरूमला टेकलेली कपाटाची बाजू श्रावणात फुगली, आणि गौरीला नेसायची पैठणी काढली तर तिला कोंदट वास. तोफखान्याच्या फायरिंग रेंजवर सराव सुरू झाला की जुन्या घराच्या लाकडी झडपा नुसत्या घुमत. माझी सरकती काच तिच्या पट्टीत खडखडायला लागली.

तरीही चूक माझी आहे, हे मला उमगलं ते घरात नव्हे. एक नातेवाईक हवापालटासाठी लॅम रोडवरच्या एका सॅनिटोरियममध्ये उतरले होते, त्यांना डबा द्यायला गेले. त्यांची खोली माझ्या खोलीच्या निम्मीही नव्हती. पण समोरासमोर दारं, डोक्यावर उंच छत आणि पुढं खोल व्हरांडा. डबा ठेवून मी तिथंच पाऊण तास बसले. सॅनिटोरियम ही कल्पना मुळात क्षयरोग्यांसाठीची. कोख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला, पण त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडलं. मधल्या साठ वर्षांत डॉक्टरांच्या हाती विश्रांती, चांगलं खाणं आणि मोकळी हवा यापलीकडे फारसं काही नव्हतं. अशा जागी व्हरांडा म्हणजे शोभा नव्हे, ती औषधाची मात्रा होती. मी माझ्या घरातली तीच मात्रा पलंगाच्या हौसेपायी भिंतीआड केली होती.

घरी येऊन टेप घेऊन बसले. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-कोरड्या हवामानात खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या निदान एक दशांश मागते, दमट उष्ण हवेत एक षष्ठांश. माझी खोली दोनशे चाळीस फूट, म्हणजे चोवीस फूट तरी हवेत. खिडकी चौकटीसकट वीस, आणि सरकती म्हणजे उघडली तरी निम्मीच. दहा फुटांतून वारा येणार, तो बाहेर कुठून पडणार? पलीकडे कपाट उभं. वाऱ्याला येण्यासारखीच जायलाही वाट लागते, एवढी साधी गोष्ट मला बारा बाय वीसच्या आनंदात सुचली नाही.

मग तोडफोड केली, पहिल्या कामाच्या खर्चाचे हप्ते फिटले नव्हते तरी. पीओपी उतरवली, व्हेंटिलेटरं उघडली आणि त्यांना जाळी बसवली. कपाट उत्तरेच्या आतल्या भिंतीला नेलं, भिंतीपासून दोन बोटं सोडून. सरकती खिडकी काढून बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा बसवल्या. पश्चिमेची भिंत आत घेतली, पण पूर्ण आठ फूट मागे जाण्याचं धाडस झालं नाही. पाच फूट ओसरीला दिले, तीन खोलीनं ठेवून घेतले. तेवढा लोभ अजून आहे.

आता एक उलटी कबुली. अटॅच्ड बाथरूमला अप्पांचा विरोध होता, "झोपायच्या खोलीला लागून संडास?" असं ते म्हणाले होते. त्या बाबतीत मी मत बदललेलं नाही. जुन्या बंगल्यांच्या न्हाणीघरांना बाहेरून एक वेगळं दार असे. सफाई करणाऱ्यानं घरातून येऊ नये म्हणून ते ठेवलेलं, आणि आमच्याही घराच्या जुन्या संडासाला तसंच होतं. जुनं ते सगळं सोनं म्हणायला लागले की मला ते दार आठवतं. दुसऱ्या कामात आम्ही बाथरूमला ओसरीकडून एक दार ठेवलं. अप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत. रात्री तीनदा उठतात, आम्हाला न उठवता ओसरीतूनच जाऊन येतात.

पाच फुटांत खाट टाकली की जायला जेमतेम दोन फूट उरतात. कपड्यांची बादली घेऊन मी रोज तिरकी होऊन जाते, आणि रोज गुडघा खाटेच्या पायाला लागतो. अप्पा पाय वर घेतात. "तीन फूट अजून तुझ्याकडेच आहेत हं," असं म्हणतात आणि पेपर उघडतात.